फसलेला विनोद आणि जॉनी कार्सन

[पडदा काळा. वाद्यवृंदाची सुरुवातीची सुरावट. निवेदन सुरू.]

एखाद्या कलाकारावर माहितीपट करायचा तर त्याचा पहिला प्रयोग दाखवायला हवा. इथे ती सोय नाही. १ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये जॉनी कार्सन 'द टुनाइट शो' या रात्री उशिराच्या गप्पांच्या टीव्ही कार्यक्रमाचा सूत्रधार म्हणून पहिल्यांदा पडद्यासमोर आला, पण त्या रात्रीचं चित्रण आज उपलब्ध नाही. आवाज तेवढा उरलाय. त्यानंतरच्या दहा वर्षांतलंही बहुतेक सगळं गेलं. व्हिडिओ टेप तेव्हा महाग होती, म्हणून एनबीसी या वाहिनीने जुनं पुसून तिच्यावर नवं घेतलं. दूरदर्शनच्या जुन्या टेपांचं काय झालं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचं नवल वाटायचं नाही.

उरलंय ते प्रामुख्याने १९७२ नंतरचं. तेही वीस वर्षांचं आहे, म्हणजे कमी नाही. या टेपा कॅन्ससमधल्या हचिन्सन गावी, जमिनीखालच्या मिठाच्या खाणीत नेऊन ठेवल्या होत्या. तिथली हवा कोरडी असते, तापमान फारसं हलत नाही.

[दृश्य: सपाट शेतं, लांबवर धान्याची कोठारं.]

कार्सनचा जन्म २३ ऑक्टोबर १९२५ चा, आयोवा राज्यातल्या कॉर्निंगचा. वडील वीज कंपनीत नोकरीला. मुलगा आठ वर्षांचा असताना कुटुंब नेब्रास्कातल्या नॉरफोकला आलं. हा अमेरिकेचा मधला पट्टा. मका, गुरं, चर्च आणि मोजकं बोलणारी माणसं. आई करारी होती, मुलाचं तोंडभरून कौतुक करणं तिला कधी जमलं नाही, असं त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक सगळेच सांगतात.

बाराएक वर्षांच्या जॉनीच्या हाती जादूच्या प्रयोगांचं एक पुस्तक लागलं. टपालाने सामान मागवलं, आरशासमोर उभं राहून पत्त्यांचे हात बसवले, आणि चौदाव्या वर्षी 'द ग्रेट कार्सोनी' हे नाव घेऊन गावातल्या क्लबांमध्ये पैसे घेऊन प्रयोग करू लागला. पहिली बिदागी तीन डॉलर. हा जादूगार पुढे महत्त्वाचा ठरतो, म्हणून तो लक्षात असू द्या. लोकांचं लक्ष आपल्याला हवं तिकडे वळवायचं आणि आपलं गुपित आपल्याकडेच ठेवायचं, हे कार्सन विनोदाच्या आधी शिकला.

महायुद्धात तो नौदलात गेला. युद्ध संपता संपता 'पेन्सिल्व्हेनिया' या युद्धनौकेवर त्याची नेमणूक झाली. त्या काळातला एक किस्सा तो पुढे रंगवून सांगायचा. नौदलमंत्री जेम्स फॉरेस्टल यांनी त्याला विचारलं, नौदलातच राहायचा विचार आहे का? तो म्हणाला, नाही, मला जादूगार व्हायचंय. मग मंत्र्यांना पत्त्यांची जादू दाखवली.

परतल्यावर लिंकनच्या नेब्रास्का विद्यापीठात शिकला. १९४९ मध्ये पदवीसाठी प्रबंध केला, विषय रेडिओसाठी विनोदी लेखन कसं करावं. तो त्याने नुसता लिहिला नाही, टेपवर ध्वनिमुद्रित केला. रेडिओवरच्या नामांकित विनोदवीरांचे तुकडे ऐकवायचे आणि मधेमधे, बघा, इथे हशा का आला, असं समजावून द्यायचं. त्याचं दैवत जॅक बेनी. बेनीची ख्याती वाक्यांपेक्षा पॉजसाठी जास्त. नुसतं गप्प राहून समोरच्यांना हसवणारा माणूस, तोही रेडिओवर, जिथे गप्प राहणाऱ्याचा चेहराही दिसत नाही.

[दृश्य: जुना रेडिओ स्टुडिओ, तबकडीवर टेकणारी सुई.]

ओमाहातल्या डब्ल्यूओडब्ल्यू स्टेशनवर त्याला नोकरी लागली. मोठ्या गायकांची गाणी खपावीत म्हणून कंपन्या तेव्हा रेडिओ स्टेशनांना मुलाखतींच्या तबकड्या पाठवत. तबकडीत फक्त गायकाची उत्तरं असायची. सोबत प्रश्नांचा कागद. गावच्या निवेदकाने तो कागद वाचायचा आणि तारका आपल्याच स्टुडिओत बसलीय असा भास निर्माण करायचा. कार्सनकडे गायिका पॅटी पेजची तबकडी आली. कागदावरचा प्रश्न होता, गायला कधी सुरुवात केली? कार्सनने विचारलं, पॅटी, बाटलीचा नाद बराच लागलाय म्हणे, कधीपासून? तबकडीतून गोड आवाजात उत्तर आलं, सहा वर्षांची असल्यापासून, चर्चच्या मेळाव्यात उठून करायचे.

पुढची काही वर्षं धडपडीची. १९५१ मध्ये तो लॉस एंजलिसला गेला. स्थानिक वाहिनीवर स्वतःचा छोटा कार्यक्रम मिळाला, त्यावरून रेड स्केल्टन या मोठ्या विनोदी नटाकडे लेखक म्हणून काम लागलं. ऑगस्ट १९५४ मध्ये तालमीत स्केल्टन एका खोट्या दारावर आदळला. धक्क्यासरशी उघडायचं ते दार उघडलंच नाही, आणि नट बेशुद्ध. कार्यक्रम थेट प्रक्षेपणाचा, वेळ अगदी थोडा उरलेला. कार्सनला बोलावलं आणि उभं केलं. तो तरला. सीबीएस वाहिनीने मग त्याला त्याच्या नावाचा कार्यक्रम दिला, तो वर्षभरही टिकला नाही. नंतर एबीसीवर दुपारी लागणारा प्रश्नमंजूषेचा एक हलकाफुलका कार्यक्रम पाच वर्षं केला. तिथेच त्याला एड मॅकमॅहन हा जोडीदार मिळाला. दणदणीत आवाज, भारदस्त देह, आणि मालकाच्या विनोदावर सगळ्यांच्या आधी हसायची तयारी.

'द टुनाइट शो' १९५४ पासून चालू होता. जॅक पार हा त्याचा भावनाप्रधान, प्रसंगी रडणारा आणि चिडणारा सूत्रधार मार्च १९६२ मध्ये सोडून गेला. कार्सनने आधी नकार दिला, मग तयार झाला. पण एबीसीशी करार शिल्लक होता, त्यामुळे सहा महिने एनबीसीने पाहुण्या सूत्रधारांवर काढले. अखेर १ ऑक्टोबरला विनोदी नट ग्राउचो मार्क्सने त्याची ओळख करून दिली. पहिल्या रात्रीच्या पाहुण्यांत जोन क्रॉफर्ड, टोनी बेनेट आणि मेल ब्रुक्स होते.

[दृश्य: बर्बँकचा स्टुडिओ. रंगीत पडदा. जमिनीवरची खूण.]

आता या कार्यक्रमाची रचना, कारण आपल्याकडे ती उशिरा आली. १९९७ मध्ये सोनी वाहिनीवर शेखर सुमन कोट घालून, बाजूला बँड घेऊन राजकारण्यांवर टपल्या मारू लागला, तेव्हा आपल्या घरांत हा साचा रुळला. अमेरिकेत तो कार्सनच्या हातून पक्का झाला. मॅकमॅहन त्याचं नाव लांबवत पुकारणार. डॉक सेव्हरिन्सनचा बँड वाजणार. पडद्यातून कार्सन येणार, खुणेवर उभा राहणार आणि त्या दिवशीच्या बातम्यांवर आठदहा मिनिटं एकटाच विनोदी बोलणार, तो मोनोलॉग. मग गोल्फची काठी फिरवल्यासारखा हात, जाहिराती, टेबल, आणि शेजारच्या खुर्चीवर पाहुणे. कार्यक्रम पुढे न्यूयॉर्कहून बर्बँकला गेला, तिथे चित्रीकरण संध्याकाळी साडेपाचला होई आणि प्रसारण रात्री साडेअकराला. तोवर निम्मी अमेरिका अंथरुणात शिरलेली असायची.

आठवड्यातल्या जवळजवळ प्रत्येक रात्री नवे विनोद. लेखक दिवसभर पानं आणून टाकत, कार्सन स्वतः निवडत असे. एवढ्या मालात सगळंच कसं चांगलं निघणार? रोज दोनचार विनोद पडायचेच. आणि माझ्या मते कार्सन इतरांहून वेगळा ठरतो तो इथेच. चांगला विनोद चांगला सांगणारे त्याच्या काळात पुष्कळ होते. वाक्य पडलं, सभागृह गप्प झालं, की बहुतेकजण घाईने पुढच्या वाक्यावर उडी मारतात. कार्सन थांबायचा. प्रेक्षकांकडे बघायचा, टाय सारखा करायचा. माइकवर टिचकी मारून तो चालू आहे ना हे पाहायचा. फारच वाईट पडला तर बँड एक जुनी चाल धरायचा आणि हा गंभीर चेहऱ्याने पाय घासत नाचू लागायचा. विनोदाला न आलेला हशा त्याच्या फजितीला यायचा, आणि तो मोठा असायचा. पुढेपुढे लोक मुद्दाम वाईट विनोदाची वाट बघू लागले. तमाशातला सोंगाड्या पुढच्या रांगेतल्या शेऱ्यावर बतावणी जशी फिरवतो, तसा तो समोरच्या शांततेवर कार्यक्रम फिरवायचा.

त्याने वठवलेलं एक पात्र होतं 'कार्नॅक द मॅग्निफिसंट'. पूर्वेकडचा सर्वज्ञ सिद्धपुरुष. डोक्यावर अवाढव्य पिसांचा फेटा, अंगात झगा. बंद लिफाफा कपाळाला लावून आधी उत्तर सांगायचं, मग लिफाफा फाडून आतला प्रश्न वाचायचा. येताना टेबलाजवळच्या पायरीला अडखळणं ठरलेलं. आज तो फेटा बघताना आपल्याला थोडं अवघडल्यासारखं होतं. 'गूढ पूर्व' ही त्यांची समजूत किती स्वस्तातली होती ते त्यात दिसतं. पण पात्राची खरी गंमत फसलेल्या उत्तरानंतर असायची. प्रेक्षक कण्हले की कार्नॅक त्यांना शाप द्यायचा, रोगट याक आणि उंटांचे विचित्र शाप. लेखक ते आधीच लिहून ठेवत. म्हणजे अपयशाचीसुद्धा संहिता तयार!

[दृश्य: २९ एप्रिल १९६५. कृष्णधवल चित्रण. लाकडी फळीवर माणसाची आकृती.]

जुन्यातला वाचलेला एक तुकडा हा. पाहुणा होता नट-गायक एड एम्स. एका मालिकेत तो आदिवासी योद्धा साकारत असे, म्हणून कुऱ्हाडफेक दाखवायला आला होता. फळीवर काउबॉयची आकृती. एम्सने कुऱ्हाड फेकली आणि ती नेमकी आकृतीच्या जांघेत रुतली, दांडा वर करून. सभागृह कोसळलं. एम्स लाजून कुऱ्हाड उपटायला निघाला. आता कार्सनकडे बघा. तो त्याला धरून ठेवतो, जाऊ देत नाही. स्वतः काहीही बोलत नाही. हशा चढतो, उतरतो, परत चढतो, आणि मग योग्य क्षणी तो सुंतेवरचा एक विनोद टाकतो. अमेरिकन टीव्हीवरच्या सर्वांत लांब हशांमध्ये याची गणना होते. त्या दोनतीन मिनिटांत कार्सनने केलं काय, तर एका माणसाला अडवलं.

अशीच दुसरी जागा १९७३ मधली. नजरेने चमचे वाकवतो म्हणून गाजलेला उरी गेलर पाहुणा होता. कार्यक्रमाच्या लोकांनी आधी जादूगार जेम्स रँडी यांचा सल्ला घेतला. त्यांनी सांगितलं, सामान तुमचंच ठेवा आणि त्याच्या माणसांना जवळ फिरकू देऊ नका. ग्रेट कार्सोनीला कारण समजावून सांगावं लागलं नसणार. गेलर समोर मांडलेल्या वस्तूंवरून हात फिरवत राहिला, आज शक्ती येत नाही म्हणाला. वीसेक मिनिटं काहीच घडलं नाही. कार्सनने ना टोमणा मारला, ना पाहुण्याला सोडवलं. अत्यंत सभ्यपणे तो वाट बघत बसला. ते चित्रण आजही बघवत नाही, इतकी ती सभ्यता जड आहे.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विनोद उलटलाही. विस्कॉन्सिनच्या एका लोकप्रतिनिधीने कागदटंचाईबद्दल काही म्हटलं होतं. त्यावरून कार्सनने टॉयलेट पेपरची टंचाई येतेय असा मोनोलॉगमध्ये विनोद केला. दुसऱ्या दिवशी लोकांनी दुकानं रिकामी केली आणि टंचाई खरोखरच झाली. त्याला पडद्यावर येऊन, बाबांनो तो विनोद होता, असं सांगावं लागलं. करोनाच्या पहिल्या महिन्यांत हेच घडताना आपण बातम्यांत पाहिलं, तेव्हा तर कोणी विनोदही केला नव्हता.

[दृश्य: रात्रीचा सनसेट बुलेवार्ड.]

मे १९७२ मध्ये कार्यक्रम न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियातल्या बर्बँकला गेला. (त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. कार्सनच्या पहिल्या भागाला तेव्हा दहा वर्षं आणि एक दिवस झाला होता.) त्याच्यामागे विनोद सांगून पोट भरू पाहणारी तरुण पोरं लॉस एंजलिसला लोटली. कॉमेडी स्टोअरसारख्या क्लबांत रात्री उभं राहायचं, कार्यक्रमाच्या माणसाच्या नजरेत भरायचं आणि एक दिवस त्या पडद्यातून बाहेर यायचं. सहा मिनिटं मिळायची. ती संपल्यावर नजर कार्सनच्या टेबलाकडे. त्याने बोटांनी छान अशी खूण केली तर चांगलं. हाताने सोफ्यावर बोलावलं तर नशीब उघडलं. जेरी साइनफेल्ड १९८१ मध्ये इथे पहिल्यांदा उभा राहिला. १९८६ मध्ये एलन डिजनरसने देवाला फोन लावण्याचा आपला प्रवेश केला आणि पहिल्याच हजेरीत सोफ्यावर बोलावली गेलेली ती पहिली स्त्री विनोदवीर ठरली. पहिली, १९८६ मध्ये! तेव्हा कार्सनला चोवीस वर्षं झाली होती. एकाच माणसाच्या आवडीनिवडीवर एका पिढीचा विनोद चालणं हे काही निरोगी नव्हतं.

विनोदवीर जोन रिव्हर्सला हे सगळ्यात महागात पडलं. १९६५ मध्ये कार्सननेच तिला मोठं केलं. १९८३ पासून तो रजेवर असला की ठरलेली पाहुणी सूत्रधार तीच. १९८६ मध्ये फॉक्स वाहिनीने तिला त्याच वेळेला स्वतःचा कार्यक्रम देऊ केला आणि तिने तो घेतला. बातमी त्याला आधी बाहेरून कळली. तिने फोन केला, त्याने तो ठेवून दिला. पुन्हा तो तिच्याशी कधीही बोलला नाही. तिचा कार्यक्रम वर्षभरात तिच्या हातून गेला.

पैशाच्या बाबतीतही तो असाच कडक. अनेक स्टेशनं कार्यक्रमाची पहिली पंधरा मिनिटं कापून स्थानिक बातम्या दाखवतात हे कळल्यावर, १९६५ मध्ये त्याने त्या पंधरा मिनिटांत पडद्यावर येणंच बंद केलं. वाया जाणारा मोनोलॉग कशाला करायचा? मॅकमॅहनने वेळ काढायची, हा नंतर येणार. कार्यक्रमाची ओळखधून पॉल आंकाची, पण सहसंगीतकार म्हणून कार्सनचं नाव लागलेलं, म्हणून ती वाजेल तितक्या वेळा त्यालाही हिस्सा. आणि १९८० च्या करारात त्याने कार्यक्रमाची लांबी नव्वद मिनिटांवरून साठवर आणली, सुट्ट्या वाढवल्या, वर कार्यक्रमाची मालकीही मिळवली. १९८२ मध्ये त्याच्यानंतरच्या वेळेत आलेला डेव्हिड लेटरमनचा कार्यक्रम कार्सनच्या कंपनीच्या निर्मितीत होता.

कॅमेऱ्याबाहेरचा माणूस मात्र कोणाच्या हाती फारसा लागला नाही. चार लग्नं, तीन घटस्फोट. घटस्फोटांवर तो मोनोलॉगमध्ये विनोद करायचा, घरच्या बोलण्यात त्यांचा विषय टाळायचा. दारू त्याला सोसत नसे हे त्याने मुलाखतीत कबूल केलं होतं. समारंभात कोपरा धरून उभा राहायचा, चार माणसं जमली की पत्त्यांची जादू काढायचा. म्हणजे तिथेही मधे टेबल घ्यायचाच. पहिल्या लग्नातली तीन मुलं. मधला रिक छायाचित्रकार होता, जून १९९१ मध्ये छायाचित्रं काढायला गेलेला असताना गाडी दरीत जाऊन गेला. पुढच्या महिन्यात कामावर परतल्यावर कार्सन भागाच्या शेवटी मुलाबद्दल बोलला आणि रिकने काढलेली निसर्गचित्रं पडद्यावर दाखवली. सूर्यास्त, पाणी, डोंगर. तीस वर्षांत तो इतका उघडा क्वचितच झाला असेल.

निवृत्तीची घोषणा त्याआधीच, मे १९९१ मध्ये, एनबीसीच्या संलग्न स्टेशनांच्या मेळाव्यात झाली होती, खुद्द वाहिनीचे अधिकारी चकित व्हावेत अशी. २१ मे १९९२ ला शेवटचे पाहुणे, रॉबिन विल्यम्स आणि बेट मिडलर. २२ मे ला पाहुणे नाहीत, फक्त घरचे आणि कार्यक्रमाची माणसं. कार्सन स्टुलावर बसून जुने तुकडे दाखवत राहिला. सुमारे ५ कोटी लोकांनी ते पाहिलं. त्याची खुर्ची जे लेनो या विनोदवीराला मिळाली. ती मिळेल अशी आस धरून बसलेला लेटरमन पुढच्या वर्षी सीबीएसला गेला. कार्सनचा कल कोणाकडे होता हे त्याने जाहीरपणे सांगितलं नाही. मे १९९४ मध्ये मात्र तो लेटरमनच्या कार्यक्रमात अचानक आला. उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांकडे बघितलं, लेटरमनच्या खुर्चीत बसला, आणि एक शब्दही न बोलता उठून निघून गेला.

[दृश्य: मालिबूचा किनारा. नंतर नॉरफोकचा मुख्य रस्ता.]

निवृत्तीनंतर तो बोटीवर असायचा, पत्ते खेळायचा, आकाशातले ग्रह बघायचा. स्वाहिली भाषा शिकला. नॉरफोकला आईवडिलांच्या स्मरणार्थ कर्करोगाच्या उपचारांचं केंद्र त्याने आधीच उभारून दिलं होतं, शाळेला नाट्यगृह दिलं, विद्यापीठाला देणगी दिली. मृत्यूनंतर त्याच्या धर्मादाय संस्थेला पंधरा कोटी डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. मुलाखती जवळजवळ बंदच. पुनरागमनाच्या विनंत्यांना नकार.

आयुष्यभर भरपूर सिगारेटी ओढल्या होत्या. सुरुवातीच्या काळात कॅमेऱ्यासमोर, नंतर जाहिरात लागली की टेबलाखाली. २३ जानेवारी २००५ ला एम्फिसीमा या फुप्फुसांच्या विकाराने तो गेला, ७९ व्या वर्षी. सार्वजनिक शोकसभा झाली नाही.

त्याच्या मृत्यूच्या काही दिवस आधी, त्याचे जुने निर्माते आणि तेव्हा सीबीएसमध्ये असलेले पीटर लासली यांच्याकडून एक गोष्ट बाहेर आली होती. कार्सनला अजूनही सकाळी पेपर वाचताना विनोद सुचतात. ते सांगायला त्याच्यापाशी मंच नाही, म्हणून तो ते अधूनमधून लेटरमनला पाठवतो आणि लेटरमन आपल्या मोनोलॉगमध्ये वापरतो. सोमवार, ३१ जानेवारीला लेटरमन नेहमीसारखा उभा राहिला आणि मोनोलॉग केला. मग टेबलामागे जाऊन बसल्यावर त्याने प्रेक्षकांना सांगितलं, आत्ता तुम्ही ऐकलेले सगळे विनोद जॉनीचे होते.